फुईच्या आवाजातली हळद

आवाज डोळ्यांना दिसतो, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आम्ही कॅसेटवाले. आवाज ऐकायचा, फार तर फितीवर बोट ठेवून तो कुठे असेल याचा अंदाज बांधायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझ्या पिंप्राळ्याच्या घरात, मागच्या खोलीतल्या टेबलावर नवा कॉम्प्युटर येऊन बसला. मी माइकसमोर नुसतं "हॅलो" म्हटलं, तर पडद्यावरची हिरवी रेघ फुगली आणि पुन्हा सपाट झाली. ती फुगलेली रेघ म्हणजे मी. मी चक्क मागे सरकलो. बायको दारात उभी होती. तिनं विचारलं, "शॉक बसला का?" बसला होताच, फक्त विजेचा नव्हता.

या खोलीला लोक स्टुडिओ म्हणत. भिंतींना कापसाच्या जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीवर गोणपाट, आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद. जळगावचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी, भजनी मंडळं, रिक्षावरून फिरवायच्या सर्कशीच्या जाहिराती, सगळं याच भट्टीत भाजून निघायचं. गायक, ढोलकीवाला, पेटीवाला आणि कोरसच्या बायका एकदम गायला बसायच्या. शेवटच्या कडव्यात कुणी शिंकलं की पुन्हा पहिल्यापासून. ढोलकी जास्त झाली तर नंतर कमी करता येत नसे. शिजलेल्या भाजीतून मीठ कसं काढणार?

नव्या प्रोग्रामनं हे सगळं उलटंपालटं केलं. तो घरी बसून गाणं रेकॉर्ड करणाऱ्या नवशिक्यांसाठी होता. खोक्यावरच लिहिलेलं होतं की संगीतातलं काही येत नसलं तरी चालेल. हे वाचून मला थोडा राग आला होता. सगळी उमेदवारी वाया गेली म्हणायची. पण प्रकार खरंच सोपा होता. पडद्यावर आडव्या पट्ट्या. एका पट्टीत गाणारा, दुसरीत पेटी, तिसरीत ढोलकी. मसाल्याच्या डब्यासारखं, हळद वेगळी, तिखट वेगळं, ज्याला त्याला आपली वाटी. एकानं आज गावं, दुसऱ्यानं पुढच्या आठवड्यात येऊन त्याच्यासोबत वाजवावं. चुकलं तर एक बटण दाबायचं, चूक झालीच नव्हती असं व्हायचं. आवडलेला तुकडा कापून दुसरीकडे चिकटवायचा. ताल धरता येत नसेल तर मशीन कानात टकटक करायचं. ढोलकीवाला नसेल तर तयार ठेक्यांचे तुकडे आत भरलेलेच होते. एक उचलून ठेवला की तो गाणं संपेपर्यंत वाजत राही, त्याला चहा लागत नसे.

मी हा प्रोग्राम लोकांच्या घरी जाऊन कॉम्प्युटरवर चढवून द्यायला आणि शिकवायला लागलो. त्यात जे जे नमुने भेटले त्यांनी मला एकापेक्षा एक धक्के दिले. रावेरकडच्या एका केळीवाल्यांनी आवाजाच्या पातळीचे दिवे बघितले. हिरवे म्हणजे ठीक, लाल म्हणजे आवाज फाटतोय, असं मी दोनदा समजावलं. त्यांनी मान डोलावली, आणि मी पुन्हा गेलो तेव्हा गाणंभर सगळे दिवे लालभडक. म्हणाले, "हिरवं ते कच्चं. पिकू द्यायला नको?"

एक निवृत्त कारकून पत्नीसोबत भजनं म्हणत. पट्टी गप्प करायचं बटण त्यांना सापडलं आणि त्यांनी शांतपणे बायकोची पट्टी गप्प करून पाहुण्यांना भजन ऐकवलं. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "फक्त एकच पट्टी वाजेल असं बटण कुठलं हो?" मी दाखवलं. त्या घरी मग फक्त काकूंची भजनं ऐकू येऊ लागली.

पण हसण्यासारखंच सगळं नव्हतं. धुळ्याच्या एका बँड मास्तरांना मी हौसेनं तयार ठेके ऐकवले. मास्तर खुर्चीच्या काठावर बसून ऐकत होते. ठेका काही थांबेना. त्यांचा चेहरा उतरत गेला. "भाऊ, हा दमत नाही?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. ते उठले, चप्पल घातली आणि चहा न घेता गेले. त्यांच्या बँडवर किती घरं चालत होती हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. अजूनही ते आठवलं की मला चुटपुट लागते.

या सगळ्यांहून मोठा धक्का मला हिरामण आबांनी दिला. खरं तर त्यांच्या बहिणीनं.

आबा दोंडाईच्याजवळच्या एका गावचे, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. मुलगा भूषण नरडाण्याला कारखान्यात नोकरीला होता. वडिलांना भजनाचं वेड, म्हणून त्यानं कॉम्प्युटर घेऊन दिला. मी शिकवायला जाऊ लागलो. आबांसारखा विद्यार्थी मला दुसरा मिळाला नाही. कॉम्प्युटर सुरू करण्यापूर्वी हात धुवायचे, आणि कापणं-चिकटवणं तर असं शिकले की दोन पट्ट्यांमधला सांधा माझ्याही कानाला लागू नये. माउस मात्र खडूसारखा धरायचे.

एकदा त्यांनी एक जुनी कॅसेट काढली. "हिच्यातलं कॉम्प्युटरात घेता येईल?" मी लावून पाहिली. त्यांच्या मोठ्या मुलीच्या लग्नात कुणीतरी घरच्या टेपवर हळदीची गाणी भरून घेतली होती. आवाज एका बाईचा होता, जरा खरखरीत आणि खणखणीत, मोकळ्या अंगणात गाऊन तयार झालेला. मी विचारलं, कोण? आबा म्हणाले, "आमची अक्का. यशोदाअक्का. मोठी बहीण."

हळदीचं हे गाणं कसं असतं ते बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. चाल एकच, ओळही एकच, फक्त प्रत्येक ओळीत घरातल्या एकेकाचं नाव येतं. वडीलधाऱ्यांपासून सुरुवात करून सगळ्यांची नावं घ्यायची, कुणाचं राहता कामा नये. आबांच्या घराण्यात पहिली ओळ फुईनं उचलायची रीत. फुई म्हणजे आत्या. तिनं हळदीच्या परातीवर बोटांनी ठेका धरून गायला सुरुवात केल्याशिवाय कुणी हळदीला हात लावत नसे.

"भूषणचं लग्न ठरलंय," आबा म्हणाले, "आणि अक्का येणार नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला अजून तसंच ऐकू येतं. त्यांची आई वारली तेव्हा अक्का सुरतेला लेकीकडे होती. निरोप मिळताच ती निघाली. गाडीत बसण्याआधी गावातल्या दुकानात फोन करून सांगितलं, मी येतेय, माझ्यासाठी थांबा, मला मायचं तोंड पाहू द्या. इकडे कडक उन्हाळा. लोक म्हणाले, आणखी किती वेळ ठेवायचं? आबांनी उचलायला सांगितलं. अक्का दोंडाईच्याला उतरून गावात पोचली तेव्हा स्मशानात नुसता धूर होता. ती तिथेच भावाला म्हणाली, तुझ्या घराची पायरी चढणार नाही आणि तुझ्या घरासाठी गाणार नाही. तिचं सासर गावातच, दोन गल्ल्या पलीकडे. ती शब्दाला पक्की राहिली. देवळात समोर आली तरी वळून जायची.

"तुम्ही जाऊन बोलावलं?" मी विचारलं.

"गेलो होतो. तिनं दार उघडलं, पाणी दिलं, आणि नाही म्हणाली."

मी कॅसेट कॉम्प्युटरात उतरवून दिली. म्हातारपणी बहिणीचा आवाज जवळ हवा असेल, असं मला वाटलं. याहून जास्त काही माझ्या डोक्यात आलंच नाही.

हळदीच्या दिवशी आबांनी मला आग्रहानं बोलावलं होतं. सकाळची वेळ, अंगणात मांडव, बायका गोळा झालेल्या. पाटावर भूषण उघड्या अंगानं बसलेला. समोर हळदीची परात, पण तिला कुणी हात लावत नव्हतं. सगळ्यांच्या मनात एकच, फुईचं काय? माझा छोटा टेपरेकॉर्डर मी नेहमीसारखा खांबाला टांगून सुरू करून ठेवला होता. तेवढ्यात आबांनी मांडववाल्याच्या हातात एक कॅसेट दिली, आणि कर्ण्यातून अक्कांचा आवाज आला.

बायका दाराकडे बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "उनी का अक्का?" कुणाच्या डोळ्यात पाणी. मलाही वाटलं, आली बुवा एकदाची. मग गाण्यात भूषणचं नाव आलं, तेही जिथे नवऱ्या मुलीचं नाव यायचं तिथे. जुन्या गाण्यात ते नवरीचा भाऊ म्हणून कुठेतरी पुढे होतं. आबांनी ते तिथून उचललं होतं. मुलीचं नाव काढून त्या जागी मुलाचं बसवलं होतं. सांधा कुठेच ऐकू येत नव्हता. घरात एकटे बसून, खडूसारखा माउस धरून, आबांनी न आलेल्या बहिणीला गायला लावलं होतं. मी आबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

आणि अक्का आल्या. दोन गल्ल्या म्हणजे कर्ण्याला काहीच नाही. त्या चुलीपुढून उठून आल्या असाव्यात, हाताला पीठ तसंच होतं. उंच, काळ्यासावळ्या, डोक्यावरचा पदर सरकलेला. मांडवाच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी आपलाच आवाज ऐकला. कुणीतरी घाईघाईनं कॅसेट बंद केली.

"कोन गाई ऱ्हायनं व्हतं?" त्यांनी विचारलं.

आबा पुढे झाले. "तुनाच आवाज शे, अक्का. जुना."

"ते मी पोरनी हळदले गायेल व्हतं. हाई हळद मी गायेल नही. माले इचारं बी नही."

"इचारं व्हतं," आबा कसेबसे म्हणाले. "तू नही म्हननी."

"मंग नही म्हनजे काय, ते तुले समजस नही का? एवढ्या पोरेसले शाळामा शिकाडं तू."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मांडवात इतके लोक असूनही मला माझ्या टेपरेकॉर्डरची फीत फिरताना ऐकू येत होती. कुठे बघावं कळेना. या कापण्या-चिकटवण्याचं मी आबांकडे किती कौतुक केलं होतं, ते आठवून माझे कान तापले.

तेव्हा पाटावरून भूषण बोलला. कारखान्यात साहेबी मराठी बोलणारा पोरगा फुईशी मात्र घरचंच बोलायचा. "फुई, तुले नको व्हई तर जाय तू. मी बिनहळदना जासू. पन टेप नको."

अक्कांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्यांनी पदरानं हात पुसले, परातीपुढे बसल्या आणि बोटांनी ठेका धरला.

पहिली ओळ त्यांनी आपल्या मायच्या नावानं गायली. ज्या मायचं तोंड दिसलं नाही तिचं नाव त्या मांडवात असं उठलं की बायकांना मागून ओळ धरायचं भान राहिलं नाही. दुसरी ओळ बापाच्या नावाची. तिसरी हिरामणची, भावाची, घरच्या कर्त्याची. त्या ओळीची वेळ आली आणि अक्कांनी तोंड मिटलं. बोटं परातीवर चालूच. बायका थांबल्या, त्यांना धरायला ओळच नव्हती. ठेका एकटाच वाजत राहिला. मग पुढची ओळ भावजयीच्या नावाची, मग भूषणची, मग नातवंडांची. सगळी नावं झाली, एकच राहिलं.

आबा मांडवाचा खांब धरून उभे होते, आणि लोक त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. अक्का उठल्या, भूषणच्या कपाळाला आणि खांद्यांना हळद लावली आणि पाणीही न पिता निघून गेल्या. मागे कुजबुज सुरू झाली. भर मांडवात सख्ख्या भावाचं नाव गाळलं, असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. मीही तेच म्हणत जळगावची गाडी पकडली. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, हे जास्त झालं, असं माझं मत होतं.

लग्न पार पडल्यावर आबा पिंप्राळ्याला माझ्या घरी आले. वाळल्यासारखे दिसत होते. माझ्या टेपवर ती हळद भरली गेली आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी खिशातून एक फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली. "हिच्यात एकच ओळ आहे," ते म्हणाले. "जुन्या कॅसेटमधली. माझ्या नावाची."

मी समजलो आणि हबकलो. एवढं झाल्यावरही हा माणूस पुन्हा तेच करायला आला होता. मी म्हटलं, "आबा, नका हो." ते म्हणाले, "गावात नाही वाजवणार. घरात. मी एकटा ऐकेन. गाळलेलं नाव घेऊन मला मरायचं नाही." मुख्याध्यापकाचा तो आवाज नव्हता. मला नाही म्हणवलं नाही.

टेपवरची हळद मी कॉम्प्युटरात उतरवली. पडद्यावर गाणं पसरलं. मायची ओळ फुगलेली, बापाची ओळ फुगलेली, मग सपाट जागा आणि तिच्यात ठेक्याचे बारीक बारीक काटे, मग भावजयीची ओळ. आबांनी फ्लॉपीतली ओळ उचलून खालच्या पट्टीत ठेवली आणि माउसनं सरकवत त्या सपाट जागेखाली आणली. मी थोडं ताणावं लागेल, थोडं कापावं लागेल म्हणून हत्यारं काढून बसलो होतो. एवढ्या वर्षांत गाणाऱ्याची लय बदलते.

काही करावं लागलं नाही. ओळ जिथे सुरू व्हायला हवी तिथे सुरू झाली आणि भावजयीच्या ओळीला जिथे चिकटायला हवी तिथेच संपली. मी पडद्याच्या जवळ जाऊन बघितलं. मग वाजवलं. जुन्या कॅसेटमधल्या अक्का भावाचं नाव गात होत्या आणि मांडवातल्या अक्का त्याच ओळीवर ठेका धरत होत्या. शब्द जिथे वळत होता तिथे बोटंही वळत होती. नाव गाळायचं असतं तर बापाच्या नावावरून त्या सरळ भावजयीच्या नावावर जाऊ शकत होत्या, चालीला काही बिघडलं नसतं. त्यांनी तसं केलं नव्हतं. त्यांनी भावाची ओळ आतल्या आत पूर्ण गायली होती, आणि ती पूर्ण होईपर्यंत सगळ्या मांडवाला गप्प बसवलं होतं.

त्या दिवशी मी तिथेच होतो, माझ्या कानांवर माझं पोट चालत होतं, आणि मला हे ऐकू आलं नव्हतं.

आबांना समजायला मला सांगावं लागलं नाही. त्यांनी ते पुन्हा वाजवलं. मग खालच्या पट्टीतली ओळ निवडली आणि स्वतःच्या हातानं पुसून टाकली. वरची सपाट जागा तेवढी राहिली. ती त्यांनी तशीच वाजवली, नुसता परातीवरचा ठेका, आणि पडद्यावर बोट ठेवून ते त्या जागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू नेलं.

"आबा, काय करू? ओळ बसवायची का?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या तशीच. मायनी येळले ती गाडीमा व्हती, आनि मी थांबनू नही." त्यांनी पडद्यावरचं बोट काढलं नाही. "मना नावनी येळले ती थांबनी."